मेंढ्याची जात, माणसाची जात आणि गाळलेला धडा

कार्तिक यात्रेत आटपाडीला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो. तिथे माडग्याळ मेंढा उभा केला की बघणाऱ्याची नजर आधी त्याच्या नाकावर जाते. नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असेल तर भाव चढतो. एकेका मेंढ्याला लाखांत मागणी आल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. या बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या मेंढक्याला विचारा, हे असले नाक आले कुठून? देवाने घडवले, असे तो सांगणार नाही. तो सांगेल, ज्याचे नाक चांगले तो मेंढा पैदाशीला ठेवायचा आणि बाकीचे विकून टाकायचे. बापाने तेच केले, आज्याने तेच केले. पिढ्यानपिढ्या निवड होत गेली आणि नाक वाकत गेले.

चार्ल्स डार्विनने १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ काढला तेव्हा त्याचे पहिले प्रकरण नेमके याच गोष्टीवर होते. माणूस कबुतरे, गुरे, मेंढ्या निवडून निवडून कशी बदलतो, यावर. त्यासाठी तो लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांचा सभासद झाला होता. त्याचे म्हणणे साधे होते. माणूस थोड्या पिढ्यांत निवड करून एवढा बदल घडवत असेल, तर निसर्ग कोट्यवधी वर्षांत किती घडवेल? निसर्गात मेंढका नसतो. तिथे दुष्काळ, रोग आणि शिकारी जनावर निवड करतात. जो तगतो त्याची पोरे होतात आणि त्याचे गुण पुढे जातात.

म्हणजे आटपाडीच्या माणसाला डार्विनचे पहिले प्रकरण शाळेत न जाताही पाठ आहे. तरीही आमच्या भागात उत्क्रांती समजलेला माणूस शोधावा लागतो. असे का, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही अभ्यासवर्ग घेतो. एकदा दहावी झालेल्या मुलामुलींना विचारले, उत्क्रांती म्हणजे काय? बहुतेकांचे उत्तर एकच होते, माकडापासून माणूस झाला. दोघांना अवशेषांगांची टीप तोंडपाठ होती, पण ती कशाचा पुरावा आहे हे सांगता आले नाही. एका मुलीने विचारले, मग आत्ताची माकडे माणूस का होत नाहीत? प्रश्न अगदी बरोबर होता, पण वर्गात तो विचारायची सोय नव्हती, असे ती म्हणाली. कॉलेजला जाणारा एक मुलगा म्हणाला, दशावतार म्हणजेच उत्क्रांती, आधी मासा, मग कासव, मग डुक्कर, शेवटी माणूस. आपल्याच वस्तीतला, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातला हा मुलगा होता. दोष त्याचा नाही. त्याला दुसरे काही कोणी सांगितलेच नव्हते.

त्या मुलीला आम्ही दिलेले उत्तर इथेही लिहितो, कारण हा प्रश्न सगळीकडे येतो. तुझी आणि तुझ्या चुलत बहिणीची आजी एक आहे. म्हणून तू चुलत बहिणीपासून जन्मलीस असे होत नाही आणि उद्या ती ‘तू’ होईल असेही नाही. चिंपांझी आपला असाच चुलत भाऊ आहे. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपले आणि त्याचे पूर्वज एक होते. त्यानंतर दोन वाटा झाल्या. आजचे माकड माणूस व्हायच्या रांगेत उभे नाही. आणि उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे. डाळिंबाच्या बागेत पहिल्या वर्षी लागू पडलेले औषध तिसऱ्या वर्षी किडीला लागू पडत नाही, तीही उत्क्रांतीच. त्या औषधाला दाद न देणारे थोडे किडे आधीपासून होते, तेच तगले, त्यांचीच पिल्ले वाढली. किडा शहाणा झाला नाही, निवड झाली. कोरोनाच्या काळात डेल्टा हा विषाणूचा प्रकार आपल्याच देशात पहिल्यांदा आढळला, तेव्हा हीच उत्क्रांती महिन्यामहिन्याला आपल्या डोळ्यांसमोर घडत होती.

आता शाळेत काय चालले आहे ते पाहू. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेत झालेल्या वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही म्हणून पुरावाच नाही, हा नियम त्यांनी पोलीस खात्यात लावला असता तर निम्मे खुनी सुटले असते! देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून मंत्र्यांचे म्हणणे खोडले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या जानेवारीत, जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगितले. म्हणजे आमच्या वस्तीतला मुलगा जे बोलला, ते वरून खाली झिरपत आलेले होते.

मग एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती काढून टाकली. कोरोनात मुलांचा भार कमी करायचा म्हणून सुरुवात झाली आणि २०२३-२४ च्या नव्या छापील पुस्तकात प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. देशभरातल्या १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि विज्ञानप्रेमींनी खुले पत्र लिहून विरोध केला. सरकारी बाजूचे उत्तर आले की बारावीच्या जीवशास्त्रात हा धडा आहेच.

हे उत्तर कोणाच्या सोयीचे आहे? बारावीला जीवशास्त्र कोण घेतो? आमच्या तालुक्यात दहावीनंतर किती मुली लग्नाला उभ्या केल्या जातात, किती मुले गलाईच्या कामाला परमुलखात जातात, किती ऊसतोडीला जातात, हे आम्ही रोज बघतो. जे शिकतात त्यातले बरेच कला शाखेला किंवा आयटीआयला जातात. ज्याचे शिक्षण दहावीला संपते त्याचे विज्ञानही तिथेच संपते. म्हणजे बारावीत ठेवलेला धडा डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहे आणि दहावीतून काढलेला धडा आपल्या पोरांचा होता.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे पहिलेच प्रकरण आहे. त्यात डार्विन आहे, लॅमार्क आहे, जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे, मानवी उत्क्रांती सगळे आहे. हे प्रकरण ज्यांनी लिहिले आणि टिकवले त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्र्यांनी राज्यात सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याची घोषणा केली. तो टप्पा दहावीपर्यंत पोचेल तेव्हा हे प्रकरण राहणार की जाणार, याकडे आपले लक्ष असले पाहिजे. फी वाढली की आपण मोर्चा काढतो, शिष्यवृत्ती थकली की निवेदन देतो. धडा गेला तर किती जण रस्त्यावर येतील?

कोणी म्हणेल, चळवळीला एवढे प्रश्न असताना माकड-माणसाचे काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे की हा आपल्या मूळ प्रश्नाचाच धडा आहे. नीट विचार करा. मराठीत आपण मेंढ्याची ‘जात’ म्हणतो, डाळिंबाची ‘जात’ म्हणतो, आणि माणसाचीही ‘जात’च म्हणतो. माडग्याळ मेंढी वेगळी, दख्खनी मेंढी वेगळी, हे लहानपणापासून पाहणाऱ्या पोराला माणसांतली जातही तशीच निसर्गाने दिलेली वाटते. खिल्लार बैल जसा जन्मतः खिल्लार, तसा माणूस जन्मतः अमुक. पुस्तकात मात्र ‘प्रजाती’ असा संस्कृत शब्द येतो. तो पाठ होतो, परीक्षा होते, आणि डोक्यातली ‘जात’ होती तिथेच राहते. उत्क्रांतीचा धडा खरा तर ही गाठ सोडवण्याची जागा आहे.

जातिव्यवस्थेचा पाया हा उत्पत्तीच्या कथेवर आहे. पुरुषसूक्तात ब्राह्मण मुखापासून, शूद्र पायापासून. मनुस्मृतीने तेच पुढे नेले. उत्पत्तीच वेगवेगळी, म्हणून दर्जा वेगवेगळा. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा पहिला घाव याच कथेवर घातला आणि पुढे मत्स्य, कच्छ, वराह असा एकेक अवतार घेऊन त्याची चिरफाड केली. माशाच्या पोटी माणसाचे पोर कसे येईल, दोघांचे अवयव, आहार, जन्माची रीत सगळे निराळे, असे त्यांनी ठणकावून विचारले. आता एखादा चतुर माणूस म्हणेल, बघा, तुमचे फुलेही माशापासून माणूस मानत नव्हते! त्याला सांगा की एका मासळीच्या पोटी एका रात्रीत माणूस, ही कथा फुल्यांनी फेकून दिली आणि डार्विननेही फेकून दिली. उत्क्रांतीत कोणतीही आई आपल्यापेक्षा वेगळ्या प्रजातीचे मूल जन्माला घालत नाही. बदल लाखो पिढ्यांत कणाकणाने साठतो. फुल्यांनी लावलेली कसोटी उत्क्रांती पार करते. अवतारकथा पार करत नाही.

दशावताराबद्दल तर आपल्याला दुसऱ्या कोणाला विचारायचेही कारण नाही. त्या यादीत नववा अवतार म्हणून बुद्धाला बसवले आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी अवतारावर विश्वास न ठेवण्याची आहे आणि पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याची. ज्या पोराने या प्रतिज्ञा घेतल्या तो दशावतार म्हणजे उत्क्रांती असे म्हणत असेल, तर त्याने एका वाक्यात विज्ञानही सोडले आणि प्रतिज्ञाही मोडली. अवतारकथेत बाहेरून कोणीतरी हेतू धरून येतो. उत्क्रांतीत कोणाचा हेतू नाही, ठरवणारा नाही. कारण असेल तर कार्य होते, कारण बदलले तर कार्य बदलते. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

पण या नाण्याची दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. उत्क्रांतीचे नाव घेऊनच माणसाला उच्च-नीच ठरवण्याचाही उद्योग झाला आहे. ‘बलवान तोच टिकेल’ हे जे वाक्य आरक्षणाच्या विरोधात आपल्या तोंडावर फेकले जाते, त्याचा मूळ शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा आहे, आणि त्यातही बलवान नव्हे तर परिस्थितीला जुळणारा असा अर्थ आहे. डार्विनचाच नातेवाईक फ्रान्सिस गाल्टन याने माणसांची निवडक पैदास करण्याचे शास्त्र काढले. डार्विन स्वतः गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता आणि तरुणपणी एडिंबरात जॉन एडमनस्टन या गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या माणसाकडून पक्ष्यांत पेंढा भरण्याची कला शिकला होता. तरी त्याच्या पुढच्या लिखाणात त्या काळच्या गोऱ्या माणसाचे पूर्वग्रह आहेतच. आपण डार्विनची पूजा करायची नाही. पुरावा तपासायचा.

भारतात हा उद्योग हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने केला. १९०१ च्या जनगणनेचा हा आयुक्त. त्याने माणसांची नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. आटपाडीच्या बाजारात नाकावरून मेंढ्याची किंमत होते, तशी त्याने माणसांची केली! बाबासाहेबांनी याला दिलेले उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये त्यांनी नाकांच्या मोजमापांचेच तक्ते समोर ठेवले आणि त्याच आकड्यांवरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. शत्रूचे माप घेऊन शत्रूचा दावा मोडला. त्याआधी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये जातीमुळे रक्त शुद्ध राहते आणि समाज सशक्त होतो, या दाव्याचीही त्यांनी खिल्ली उडवली होती. जात म्हणजे वंश नव्हे, ती एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, ही त्यांची ठाम भूमिका होती.

आणि आता थोडे कडू बोलतो. आपल्याच सभांतून, आपल्याच व्हॉट्सॲप गटांतून ‘त्यांचा डीएनए वेगळा, आपला वेगळा’ ही भाषा आज जोरात आहे. टाळ्याही मिळतात. पण मित्रांनो, ही रिस्लेचीच भाषा आहे, फक्त नाकाच्या जागी डीएनए आला. ज्या वंशसिद्धांताला बाबासाहेबांनी आयुष्यभर खोडले तो आपण निळ्या मंचावरून का बोलावा?

विज्ञान काय सांगते ते पाहा. जगातल्या कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. जो फरक उरतो त्यातला सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत असतो, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवले. सगळ्या माणसांचे मूळ आफ्रिकेत. भारतात बाहेरून लोक आले का? आले, वेगवेगळ्या काळात आले, आणि उच्चवर्णीयांत त्या अंशाचे प्रमाण सरासरीने जास्त दिसते, हेही खरे. पण २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला जो अभ्यास आला, त्याने दाखवले की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे प्रचंड सरमिसळ झाली. जवळजवळ सगळ्या समूहांत, अगदी आदिवासींतही ती पोचली. त्यानंतर मात्र समूहांनी आपापसातच लग्ने करायला सुरुवात केली आणि सरमिसळ थांबत गेली.

आता १९१६ साल आठवा. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमरावांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. त्यात त्यांनी मांडले होते की भारतातले लोक हे अनेक वंशांचे मिश्रण आहे आणि या मिसळलेल्या समाजावर जातीअंतर्गत विवाहाचा नियम नंतर लादला गेला, तोच जातीचा प्राण. तो नियम टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले, म्हणजे बायकांच्या अंगावर कुंपण आले. आधी सरमिसळ, मग बंदी. जनुकशास्त्राला ते दाखवायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

म्हणून मेंढ्याची जात आणि माणसाची जात यांतला फरक आपल्या पोरांना असा सांगा. मेंढका एखाद्या गुणासाठी निवड करतो, म्हणून मेंढ्याचे नाक बदलते. माणसाच्या जातीत हुशारी, शौर्य, पावित्र्य यांची कसली निवड झालेली नाही. तिथे फक्त वाघर लावलेली आहे. रात्री मेंढरे वाघरीत कोंडली म्हणून आतली आणि बाहेरची मेंढरे वेगळ्या प्राण्यांची होत नाहीत. या वाघरीचा शरीरावर एक परिणाम नक्की दिसतो, लहान समूहात पिढ्यानपिढ्या आपसात लग्ने केल्याने काही आनुवंशिक आजार वाढतात. त्यावरचा इलाज बाबासाहेबांनी १९३६ लाच सांगितला आहे, आंतरजातीय विवाह.

याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ ला जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ‘तराळ-अंतराळ’ मध्ये तो प्रवास आहे. याला कोणी कौतुकाने ‘उत्क्रांती’ म्हणेल, पण ती उत्क्रांती नव्हे. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. शाळा मिळाली, बाबासाहेबांचा विचार मिळाला, संधी मिळाली, एवढेच बदलले. म्हणजे जे अडवले होते ते निसर्गाने अडवले नव्हते. आरक्षणाच्या बाजूने याहून स्वच्छ पुरावा कुठला द्यायचा?

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे ते सांगतो. दर अभ्यासवर्गात दहावीचे ते प्रकरण मुलांसोबत ओळीने वाचायचे, टीपा पाठ न करता प्रश्न विचारायचे. मुलांना बाजारात नेऊन मेंढक्यांशी बोलते करायचे, डाळिंबाच्या बागेत नेऊन फवारणीचा हिशोब मांडायला लावायचा. १२ फेब्रुवारी हा डार्विनचा जन्मदिवस, त्या दिवशी विहारात ‘भारतातील जाती’ आणि उत्क्रांती हे दोन्ही विषय एकत्र ठेवायचे. अभ्यासक्रम बदलताना हे प्रकरण कायम राहावे म्हणून शिक्षण विभागाला निवेदन द्यायचे. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे संविधानाच्या ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, सरकारचा तो अपवाद नाही. आणि आपल्या मंचावर कोणी रक्ताची, वंशाची भाषा बोलला, तर तो आपला असला तरी त्याला तिथेच थांबवायचे.

तुमच्या गावात, तुमच्या विहारात हे सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही. दहावीचे एक पुस्तक लागते आणि ‘मग आत्ताची माकडे माणूस का होत नाहीत?’ असे विचारणाऱ्या मुलीला गप्प न करणारा एक माणूस लागतो.

जय भीम!